सणापुरते मराठी

उज्जैनच्या जुन्या शहरातून रेल्वेपूल ओलांडला की फ्रीगंज लागते. शिंद्यांची राजधानी 1810 मध्ये ग्वाल्हेरला गेली. मराठी घरे मात्र या शहरात टिकून राहिली आणि टॉवर चौकाच्या परिसरातही वसली. स्थानिक हिंदी वृत्तपत्रांत ती बहुधा गणेशोत्सवात किंवा एखाद्या नाट्यप्रयोगाच्या निमित्ताने भेटतात. फोटो छापून येतो, फेट्यांचे कौतुक होते. नळाचे पाणी, शाळा, सरकारी दवाखाना यांच्या बातमीत त्याच घरांतल्या कोणाला विचारलेले सहसा दिसत नाही. ज्यांची बातमी सणापुरतीच होते, ते स्वतःच्या गावात पाहुणे ठरतात. मध्य प्रदेशात 2011 च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले सुमारे 12 लाख लोक आहेत, आणि ते सगळे काही जुन्या दरबारी घराण्यांतले नव्हेत. 2023 मध्ये जिल्हा झालेले पांढुर्णा घ्या. ते संत्रापट्ट्यातले गाव, पण त्याचे नाव राज्यभर गाजते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीने, जखमींच्या आकड्याने. संत्र्याला भाव काय मिळाला, हे विचारायला तेवढी गर्दी जमत नाही.

यावर कोणी म्हणेल, हे लोक अस्खलित हिंदी वाचतात, मग वगळले गेले कसे? पण प्रश्न छापायच्या भाषेचा नाहीच. लॉस एंजेलिस टाइम्सने 1983 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या लॅटिनो समाजावर दीर्घ मालिका छापली, तीही इंग्रजीतच. ती केली लॅटिनो वार्ताहर-संपादकांनी. आपल्याच वस्त्यांतली कुटुंबे, कामधंदा, शिक्षण त्यांनी वाचकांसमोर मांडले, आणि 1984 चे लोकसेवेचे पुलित्झर पारितोषिक त्या मालिकेला मिळाले. मग हिंदीत मराठी पत्रकार नव्हते का? होते, आणि थोर होते: माधवराव सप्रे, बनारसच्या ‘आज’चे बाबूराव पराडकर, इंदूरच्या ‘नई दुनिया’चे राहुल बारपुते. त्यांनी अवघ्या हिंदी वाचकांसाठी काम केले, तेच योग्य होते. मोहल्ल्याची खबर ठेवणे हे निराळे काम आहे, आणि ते वार्ताहराला नेमूनच द्यावे लागते.

उद्या सिंधी आणि बोहरीही हेच मागतील, हा दुसरा आक्षेप. त्यांनी जरूर मागावे. वेगळ्या पानाची गरज नाही. रोजच्या बातमीसाठी ज्यांना फोन केला जातो, त्या यादीत ही नावे हवीत. उज्जैनला 2028 मध्ये सिंहस्थ आहे. रस्ते, पूल, पाणी यांवर तोवर असंख्य बातम्या येतील. संपादकांनी त्यासाठी फ्रीगंजमधल्या मराठी घरांची दारे आतापासून ठोठवावीत. आणि त्या घरांनीही मंडळाच्या कार्यक्रमाच्या निमंत्रणाबरोबर आपल्या गल्लीतल्या गटाराची तक्रार वृत्तपत्राकडे पाठवावी.