प्रायोजित प्रकल्प : खानदेशातील एक प्रघात

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी जळगावनजीक बांभोरीस श्रमसाधना ट्रस्टचे महाविद्यालय उभे राहिले. पुढे १९९६ मध्ये जळगावी शासकीय आणि २००१ मध्ये धुळे जिल्ह्यात शिरपुरास आर. सी. पटेल यांच्या नावाचे महाविद्यालय निघाले, आणि त्यांच्याबरोबर ‘स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट’ नावाचा प्रघातही या मुलखात रुजला.

अंतिम वर्षाच्या तीनचार विद्यार्थ्यांचा गट, त्यांचा गाइड, कारखान्याच्या लेटरहेडवरील संमतिपत्र आणि वर्षअखेरीस बांधून दाखल करावयाचे ‘ब्लॅक बुक’, म्हणजे प्रकल्पाचा अहवाल, एवढा त्याचा सरंजाम. हे पत्र पुष्कळदा मामा-काकांच्या ओळखीने मिळालेले असते. त्यामागे रुपया नसतो आणि प्रश्नही नसतो. रुपया नसल्याची मला फारशी खंत नाही. प्रश्न नसल्याची मात्र आहे.

कारण प्रश्नांचा येथे दुष्काळ नाही. ज्या जळगावात भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा कारखाना विकत घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढले, तेथे चटईचे कारखाने, डाळमिला आणि पाइपांचे उद्योग आजही नांदत आहेत. रावेर-यावलच्या शिवारात तर घड उतरला की केळीचे खांब तोडून टाकावे लागतात. त्यातून धागा काढणारे यंत्र दिसण्यास साधे : फिरत्या पिंपावर बोथट पाती बसवलेली असतात आणि खांबाचे सोललेले पदर त्यांपुढे धरले की गर खरवडला जाऊन धागा उरतो. परंतु पाते आणि आधारपट्टी यांतील फट किंचित कमी झाली तर धागा तुटतो, किंचित वाढली तर गर चिकटून राहतो. शिवाय प्रत्येक पदराची जाडी निराळी, आणि तो आत सारून पुन्हा ओढून घेणाऱ्या मजुराचा हात पात्यांपासून किती दूर राहील, हा हिशेब कोणत्याही क्रमिक पुस्तकात सोडवून दिलेला नाही. एवढ्या एका फटीवर एका गटाने वर्ष घालवले, तरी ते सार्थकी लागेल.

कोवळ्या अभियंत्यावर खरे काम सोपवण्याची चाल या प्रांताला अपरिचित नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले, तेव्हा धुळ्याच्या मुक्कामी त्यांच्या वाट्यास आलेल्या पहिल्या कामगिऱ्यांपैकी एक म्हणजे दातर्तीजवळ पांझरेच्या एका उपनदीवरील नळाची वक्रनलिका (पाइप सायफन). ऐन पावसात ते काम कसे निभावले, हे त्यांनी आठवणींत नमूद केले आहे.

अमेरिकेत हार्वी मड महाविद्यालयाने १९६३ पासून हीच कल्पना ‘क्लिनिक’ या नावाने चालवली आहे. तेथे प्रायोजक कंपनी फी भरते आणि आपला एक माणूस विद्यार्थ्यांशी संपर्कासाठी नेमते. फीचे अनुकरण आमच्या लघुउद्योजकास परवडणारे नाही. माणसाचे मात्र परवडेल, आणि तो माणूस म्हणजे साहेब असण्याची मुळीच गरज नाही. तोंडी परीक्षेच्या वेळी एक्स्टर्नल परीक्षकाच्या शेजारी कारखान्याच्या मिस्त्रीसाठी एक खुर्ची मांडावी. पाते झिजले की ते बदलण्यास किती वेळ लागतो आणि तोवर मशीन बंद ठेवावे लागते काय, एवढे त्याने विचारले, तरी कोणता गट वर्कशॉपात राबला आणि कोणी ब्लॅक बुक आयते आणले, याचा उलगडा तेथल्या तेथे होईल.