हिवतापाच्या वाटेने जीवशास्त्र



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला ‘जीवशास्त्राची ओळख’ हा विषय दिला, तेव्हा त्यांची काहीतरी गफलत झाली असावी असे मला वाटले. मी शिकलो तो रात्रशाळेत, आणि तोही दहावीच्या उंबरठ्यापर्यंत. गेली तीस वर्षे बांधकाम मजुरांच्या संघटनेचे काम करतो. परंतु चालकांचा आग्रह होता की, मला हे शास्त्र जसे कळले तसेच मी सांगावे. माझे गुरू दोन. एक माझ्या मुलीचे नववीचे विज्ञानाचे पुस्तक आणि दुसरा हिवताप. पुस्तकाने शब्द शिकवले, हिवतापाने अर्थ शिकवला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मुंबईच्या एका उपनगरात मोठ्या इमारतीचे काम चालले होते. पावसाळ्यात मजुरांच्या झोपड्यांत तापाची साथ आली. सेंट्रिंगच्या कामावरचा एक तरुण दुकानातून गोळ्या आणून खात राहिला आणि पाचव्या दिवशी गेला. नुकसानभरपाईची गोष्ट काढली तेव्हा ठेकेदार म्हणाला, “हे लोक गावाहूनच ताप घेऊन येतात, त्याला मी काय करू?” झोपड्यांतली म्हातारी माणसे म्हणत, “इथलं हवापाणी लागत नाही.” आणि आम्ही संघटनेची माणसे म्हणत होतो, झोपड्यांमागचे घाण गटार हेच तापाचे मूळ. ‘गटार बुजवा’ अशी पत्रके मीच लिहिली होती. मोर्चाची तारीखही ठरली होती.

आता पाहा, एका तापाची तीन कारणे तीन तोंडांनी सांगितली जात होती. शास्त्रात अशा अंदाजाला गृहीतक म्हणतात. गृहीतक कोणीही मांडावे, त्याला पदवी लागत नाही. परंतु एक अट आहे. आपले म्हणणे खोटे असेल तर ते कशावरून कळेल, हे सांगण्याची तयारी पाहिजे. ज्या म्हणण्याची परीक्षाच होऊ शकत नाही ते शास्त्र नव्हे.

प्रथम ठेकेदाराचे म्हणणे घेऊ. आम्ही एका वहीत नोंद केली : कोण कधी आला, गावी कधी गेला, ताप कधी भरला. नुकतेच आलेले आजारी होते हे खरे, पण ज्यांनी वर्षभरात गावाचे तोंड पाहिले नव्हते आणि पूर्वी ज्यांना असा ताप माहीत नव्हता, तेही आजारी होते. म्हणजे ताप कामाच्या जागीच लागत होता. मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, हिवतापाच्या एका जातीचा जंतू यकृतात महिनोन्‌महिने दडून बसतो आणि मग उसळतो. तेव्हा कोणी ताप गावाहून आणलाच नसेल असे नाही. पण तो एकाकडून दुसऱ्याकडे येथे पोचवला कोणी, हा प्रश्न उरतोच.

मग आमच्या गृहीतकाची पाळी आली. महापालिकेच्या मलेरिया खात्यातला एक कामगार लांब दांड्याचा डाव घेऊन आला. त्याने गटारातले पाणी काढून मला दाखवले. “भाऊ, ह्या अळ्या बघा, डोकं खाली करून तिरक्या लटकल्यात. ह्या क्युलेक्सच्या. चावतील, पण मलेरिया नाही देणार.” मग तो मला लिफ्टच्या खड्ड्यापाशी घेऊन गेला. तेथले पाणी स्वच्छ, नितळ. त्यात अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाशी आडव्या, काडी तरंगावी तशा पडलेल्या. “ह्या अ‍ॅनाफिलिसच्या.” स्लॅबवर मालाचे बांध घालून साठवलेल्या पाण्यात, उघड्या पिंपांत, सगळीकडे त्याच. श्रोतेहो, ते पाणी रोज आमचीच माणसे भरीत होती. मोर्चाची पत्रके गठ्ठ्यात तशीच राहिली. स्वतःची घोषणा स्वतःच मागे घेणे आम्हा चळवळीतल्या माणसांना फार जड जाते. पण त्या दिवशी मला कळले की, शास्त्रीय पद्धती म्हणतात ती हीच.

आता हवापाण्याचे पाहू. ही समजूत केवळ आपल्या आजीबाईंची नव्हे. ‘मलेरिया’ हा शब्दच इटालियन असून त्याचा अर्थ ‘वाईट हवा’ असा आहे. १८८० साली अल्जीरियात लाव्हेरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरने एका सैनिकाच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली हालचाल करणारा जंतू पाहिला. पण तो रक्तात जातो कसा? अल्मोड्यात जन्मलेले रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेस २० ऑगस्ट १८९७ रोजी, हिवतापाच्या रोग्याला चावलेल्या डासाच्या जठरात त्या जंतूची वाढ होताना पाहिली. त्या कामी हुसेन खान नावाच्या रोग्याने पैसे घेऊन आपल्या अंगाला डास चावू दिले होते. नोबेल पारितोषिक १९०२ मध्ये रॉस यांना मिळाले. हुसेन खानाचे नाव मी मुद्दाम घेतो, कारण मजुरीवर केलेल्या कामाचीही इतिहासात नोंद असावी.

तरीही शंकेखोर म्हणत, दोष हवेचाच. म्हणून १९०० साली दोन प्रयोग झाले. रोमजवळच्या दलदलीच्या प्रदेशात दोन डॉक्टर आपल्या सोबत्यांसह एका झोपडीत राहिले. दारेखिडक्यांना बारीक जाळी, आणि सूर्यास्त ते सूर्योदय बाहेर पडायचे नाही, एवढाच नियम. हवा तीच. आसपासचे लोक तापाने आजारी पडले, ही माणसे धडधाकट राहिली. उलट, रोममध्ये रोग्यांना चावलेले डास लंडनला नेऊन एका निरोगी तरुणाला चाववले, तर दलदल नसलेल्या लंडनमध्ये त्याला हिवताप आला. बाकी सर्व तेच ठेवून एकच गोष्ट बदलावयाची, ही प्रयोगाची युक्ती. गावच्या मुकादमालाही ती समजते. भिंत पडली तर तो विचारतो, माल तोच, गवंडी तोच, मग या वेळी वेगळे काय झाले?

डास चावल्यावर शरीरात काय घडते, हे समजण्यासाठी पेशीकडे वळले पाहिजे. १६६५ साली रॉबर्ट हूक यांनी बुचाच्या पातळ कापात मधाच्या पोळ्यासारखी घरे पाहिली. पुढे १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी मांडले की वनस्पती आणि प्राणी दोन्ही पेशींचे बनलेले आहेत, आणि नवी पेशी जुन्या पेशीतूनच होते हा सिद्धान्त फिर्खो यांनी रूढ केला. इमारत विटांची असते तसे शरीर पेशींचे, असे म्हणतात. उपमा बरी आहे, पण अपुरी. वीट मृत असते, पेशी मात्र खाते, श्वसन करते, आपल्यासारखी दुसरी घडवते. आपल्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात आणि त्या प्राणवायूचे ओझे वाहतात. हमालच म्हणा ना!

डासाच्या लाळेतून आलेला जंतू प्रथम यकृताच्या पेशीत शिरतो, तेथे वाढतो, आणि मग तांबड्या पेशींत घुसतो. तोही एकपेशीय जीवच. तो हमालाच्या पोटात बसून त्याचीच शिदोरी खातो, स्वतःची अनेक पिले करतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. नेहमीच्या जातीत हे चक्र ४८ तासांचे असते. लाखो पेशी एकाच वेळी फुटल्या की हुडहुडी भरते, म्हणून तो ताप एक दिवसाआड येतो. दुसऱ्या, घातक जातीत बाधित पेशी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांत चिकटून बसतात. आमचा तो तरुण या जातीने गेला. रक्ताचा एक थेंब वेळेवर तपासला असता तर कदाचित वाचला असता.

आता खड्ड्याकडे परत येऊ. जुन्या तळ्यात शेवाळ असते, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते. त्यावर अळ्या जगतात, अळ्यांवर मासे आणि चतुरांची पिले, माशांवर बगळे. असे एकमेकांना धरून असलेले जीव आणि त्यांच्या भोवतीचे पाणी, माती, ऊन या सर्वांची मिळून परिसंस्था होते. लिफ्टचा नवा खड्डा ही अर्धवट परिसंस्था आहे. तेथे अळीला पाणी आहे, अन्न आहे, आणि शत्रू एकही नाही. म्हणून तेथे गप्पी मासे सोडतात. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पाणी उपसून सर्व कोरडे करावयाचे. या नियमामागे हे गणित आहे.

निसर्गाची ही साखळी विसरले की काय होते तेही आपल्या देशाने पाहिले आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात दरसाल साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे, असा अंदाज आहे. १९५३ पासून डी.डी.टी.च्या फवारणीची राष्ट्रीय मोहीम झाली आणि १९६५ मध्ये नोंदलेले रोगी सुमारे एक लाखावर आले. पुष्कळांना वाटले, लढाई संपली. पण १९७६ साली आकडा ६४ लाखांवर गेला. फवारणीत ढिलाई झाली हे एक कारण. दुसरे असे की, विषाला दाद न देणारे थोडे डास मुळातच असतात. बाकीचे मेले, हे उरले, आणि पुढची पिढी यांचीच झाली. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. शिवाय शहरातला डास टाकीत वाढतो, तर गडचिरोलीच्या जंगलात ओढ्यांच्या संथ पाण्यात वाढणाऱ्या जाती असतात. एका जागचा उपाय दुसऱ्या जागी डोळे मिटून चालत नाही.

आमच्या त्या कामावर पुढे काय झाले? मागण्या बदलल्या : खड्डा दर आठवड्याला उपसा, पिंपांना झाकणे द्या, प्रत्येक झोपडीला मच्छरदाणी द्या, ताप येताच रक्त तपासा आणि त्या दिवसाची मजुरी कापू नका. बऱ्याचशा मान्य झाल्या. तापही कमी झाला. पण त्याच सुमारास पाऊसही ओसरला होता. तेव्हा सारे श्रेय आमच्या मागण्यांचे, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. जीवशास्त्र शिकल्यामुळे माझे एवढे नुकसान झाले आहे खरे!

फायदा मात्र मोठा झाला. मघाशी ज्या फिर्खोंचे नाव घेतले, ते १८४८ साली सायलेशियात साथीची चौकशी करण्यास गेले आणि औषध म्हणून त्यांनी शिक्षण, स्वातंत्र्य आणि लोकांची सुस्थिती सुचवली. पेशी पाहणाऱ्या माणसाला झोपडीही दिसली. आपल्यापैकी पुष्कळांच्या सोसायटीत टाकी आहे, शेजारी एखादे बांधकामही असेल. उद्या सकाळी टाकीचे झाकण उघडून पाहा. अळी आडवी पडली आहे की लटकते आहे, हे डोळ्यांनी पाहिलेत की जीवशास्त्राचा पहिला धडा झाला. दुसरा धडा शेजारच्या बांधकामावरच्या मजुराला विचारा, त्याला रात्री मच्छरदाणी मिळते का?