नावावरचा रफार

जूनच्या मध्यास सोलापुरात शाळा उघडतात तेव्हा पाऊस बहुधा यावयाचा असतो, आणि दहावीच्या वर्गात पहिल्या तासाला जो घाम फुटतो तो सर्वस्वी परीक्षेचाच असतो असे नाही. माझ्या शेजारच्या यंत्रमागवाल्याची कन्या परवा शाळेतून आली ती गणिताची वा इंग्रजीची धास्ती घेऊन नव्हे, तर स्वतःच्या आडनावाविषयी एक विलक्षण विवंचना घेऊन. वर्गशिक्षकांनी जनरल रजिस्टर उघडून बजावले होते, ‘नाव, जन्मतारीख नीट पाहून घ्या, बोर्डाच्या फॉर्मवर जाईल तेच जन्मभर राहील.’

हे अक्षरशः खरे आहे. १८५९ साली मुंबई विद्यापीठाने पहिली मॅट्रिक घेतली, पुढे ती परीक्षा एस. एस. सी. मंडळाकडे गेली, १९७५ पासून अकरावीची शेवटची पायरी दहावीवर आली; परंतु या परीक्षेच्या प्रमाणपत्राचे दुसरे काम मात्र अबाधित राहिले. उत्तीर्णतेला पस्तीस गुण पुरतात, ते कोणी पुढे विचारतही नाही. जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच कागद नोकरीपासून निवृत्तिवेतनापर्यंत पुढे करावा लागतो, आणि शाळा सोडल्यानंतर नोंदीत फेरफार करून घेणे महाकठीण. पूर्वी गुरुजी अंदाजाने १ जून ही तारीख मुक्रर करीत. माझे वडील व त्यांचे दोन्ही बंधू दप्तरी एकाच दिवशी जन्मले आहेत. आजीला याचे हसू आवरत नसे.

या मुलीचे दुखणे तारखेचे नव्हे. पद्मशाली विणकर तेलंगणातून सोलापुरास आले, गिरण्यांत आणि मागांवर राबले, चादरी व टॉवेल यांनी गावाचे नाव केले. घरात तेलुगू, शाळेत मराठी असा दुहेरी संसार त्यांच्या मुलांना उपजतच साधतो. मात्र तेलुगू आडनावे देवनागरीत उतरताना लेखणीगणिक बदलली. हिच्या घराण्याचे ‘बुर्रा’ कोणा अज्ञात कारकुनाच्या घाईत रफार गमावून ‘बुरा’ झाले. वडिलांच्या रेशनकार्डावर रफार आहे, हिच्या दाखल्यावर नाही, आणि हिंदीच्या तासाला मागच्या बाकावरून जी खसखस पिकते ती ती पाचवीपासून ऐकत आली आहे.

रफार परत घ्यावा, तर नऊ वर्षे हजेरीला ‘ओ’ देणारी मुलगी कोण होती? न घ्यावा, तर वडिलांशी कागदोपत्री नाते कसे लागणार? मागाच्या खटखटीत तिने बापाला हे विचारले. तेवढ्यात वीज गेली, आणि अकस्मात शांततेत त्याचे तेलुगू उत्तर मलाही भिंतीपलीकडून ऐकू आले, परंतु उमगले नाही. शनिवारपर्यंत मुदत आहे. काल ती ओट्यावर बसून नव्या वह्यांना तपकिरी कव्हरे घालीत होती. नावाच्या चिठ्ठ्यांवर तिने आडनाव शिसपेन्सिलीने लिहिले होते.