झाडू धरणारा माणूस आणि कॅमेरा

मुंबई रोज सकाळी झाडलेली दिसते. ती कोण झाडतो हे शहराला ठाऊक असते, फक्त त्याच्याकडे पाहायचे नसते. हे न पाहणे म्हणजे जातिव्यवस्थाच. अकोल्याचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी नेमका तिथेच कॅमेरा रोखला.

१९८८ पासून ओलवे मुंबईत वृत्तछायाचित्रकार. वृत्तपत्राचा कॅमेरा मंत्री, मोर्चा, आग, अपघात यांच्यामागे धावतो. आजचा फोटो उद्या रद्दीत. सफाई कामगार गटारात मेला तर एखादवेळी बातमी होते. तो रोज उतरतो, ही बातमी नसते. ओलवे मात्र बातमीपलीकडे जाऊन महापालिकेच्या सफाई कामगारांकडे वर्षानुवर्षे जात राहिले. कचऱ्याच्या गाडीपाशी, गटाराच्या तोंडाशी, त्यांच्या घरातही. २००५ साली त्यांना नॅशनल जिऑग्राफिकचा ‘ऑल रोड्स’ पुरस्कार मिळाला. सफाई कामगारांवरच्या कामाचे ‘इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस’ हे पुस्तक झाले. २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली.

ओलवेंचा सन्मान झाला. पण छायाचित्रातल्या माणसाचे काय? हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला दहा लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले; २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. तरीही विधवेच्या हाती पैसे पडण्याआधी कंत्राटदार म्हणतो, हा आमचा माणूसच नव्हता. हजेरीपटावर नाव नसते. साक्षीदार त्याच कंत्राटदाराकडे पोट भरत असतो. तो बोलणार कसा?

अशा वेळी आम्हा वकिलांना छायाचित्राची किंमत कळते. ते फितूर होत नाही.

आज प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशात कॅमेरा आहे. त्यात हारतुरे आणि व्यासपीठे भरलेली असतात. आपल्याच वस्तीतला सफाई कामगार त्यात किती वेळा असतो? त्याला विचारून फोटो काढा. नाव, जागा, तारीख लिहून ठेवा. मूळ फोटो पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडले तर तो न्यायालयातही उभा राहतो.

ओलवेंनी पाहायला शिकवले. त्याचा पुरावा करणे ही आपली जबाबदारी आहे.