किश : चार अंड्यांत चौघांचे जेवण

स्मरणिकेसाठी लेख पाठविण्याविषयी पत्र आले, तेव्हा माझ्या अभ्यासविषयावर, म्हणजे धातूंच्या गंजण्यावर, लिहावे असे प्रथम मनात होते. परंतु आपल्या वसतिगृहातून बाहेर पडून दूरच्या शहरांत वा परदेशी शिकावयास गेलेल्या मुलामुलींचे जे दूरध्वनी मला येतात, त्यांत पहिला प्रश्न अभ्यासाचा नसतो, जेवणाचा असतो. बाहेरचे परवडत नाही आणि घरचे करता येत नाही, अशी ही कोंडी आहे. तिच्यातून मला ज्या एका पदार्थाने सोडविले, त्याविषयी लिहितो.

फ्रान्सच्या ईशान्येस लॉरेन नावाचा प्रांत आहे. तेथील नान्सी या शहरात मी दोन वर्षे होतो. पहिल्याच हिवाळ्यात शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला. खोलीत पीठ, अंडी, दूध आणि कांदे एवढेच उरले होते. शेजारच्या वृद्ध बाईंनी ते पाहिले आणि म्हणाल्या, एवढ्यात किश होते. मला ‘कीस’ ऐकू आले आणि उपवासाचा बटाट्याचा कीस या बाईंना कसा ठाऊक, असा क्षणभर अचंबा वाटला!

किश म्हणजे खुसखुशीत पारीत अंडी व दुधाचे मिश्रण ओतून भट्टीत भाजलेला तिखटमिठाचा पदार्थ. केकला जर्मन भाषेत जो शब्द आहे, ‘कूखेन’, त्यावरून हे नाव आले असे सामान्यतः मानले जाते. लॉरेनचा काही भाग १८७१ पासून पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत जर्मन साम्राज्यात होता. तेथील बोलीवर व स्वयंपाकावर जर्मन छाप त्याहूनही जुनी आहे. आज उपाहारगृहांत किश महाग मिळते, तिच्यात चीज भरपूर असते. मूळच्या लॉरेनी किशमध्ये मात्र चीज नसे. अंडी, साय आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे, बस्स. पारीदेखील पूर्वी पावाच्याच पिठाची असे. शेतकऱ्याच्या घरातला हा पदार्थ आहे, हे एकदा ध्यानात आले की त्याचा धाक उरत नाही.

आता प्रमाण. सुमारे २२ सेंटिमीटर व्यासाच्या डब्यासाठी १८० ग्रॅम मैदा किंवा कणीक, ९० ग्रॅम लोणी आणि चिमूटभर मीठ घ्यावे. घट्ट तूपही चालते. करंजीच्या पिठाला आपण मोहन चोळतो, तसेच हे चोळावयाचे. मुठीत धरल्यावर मुटका वळला की पुरे. फरक एवढाच की येथे मोहन गरम नव्हे, गार असावे. मग तीन-चार चमचे थंड पाण्याने पीठ नुसते एकत्र करावे. मळू नये. स्निग्धांश पिठाच्या कणांभोवती बसला म्हणजे त्यातील चिकट जाळे घट्ट होत नाही आणि पारी खुसखुशीत राहते; मळले की तीच पारी चिवट होते. माझी पहिली पारी भाकरीचे पीठ मळावे तशी मनगटाच्या जोराने मळलेली होती. ती सुरीने कापता आली नाही.

अर्धा तास पीठ झाकून ठेवावे, लाटून डब्यात बसवावे, काट्याने टोचावे, वर कागद पसरून त्यावर राजम्याचे वा छोल्यांचे दाणे ओतावेत आणि भट्टीत १९० अंश सेल्सिअसवर पंधरा मिनिटे भाजावे. दाण्यांच्या वजनाने पारी फुगत नाही. ते दाणे पुढच्या वेळेसाठी बरणीत ठेवावेत. ते आता शिजणार नाहीत. नंतर कागद काढून आणखी पाच मिनिटे भाजावे.

मिश्रणासाठी चार अंडी आणि ३०० मिलिलिटर दूध घ्यावे. सायीचे मिश्रण तीन अंड्यांतही जमते; साय महाग, म्हणून मी ती वगळतो आणि एक अंडे वाढवितो. मीठ, मिरपूड, थोडे जायफळ घालावे. भाजी कोणतीही चालते, पण ती कोरडी हवी. यावरच बहुतेकांची किश बिघडते. पालक, टोमॅटो, अळिंबी यांत पाणी फार. ते मिश्रणात उतरले की पारी गिच्च होते. म्हणून भाजी परतून पाणी आटवावे, पालक पिळून घ्यावा. सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत चवदार म्हणजे मंद आचेवर वीस मिनिटे परतलेला कांदा.

हे सारे पारीत ओतून १८० अंशांवर तीस ते पस्तीस मिनिटे भाजावे. कडा घट्ट झाल्या आणि मध्यभाग किंचित थरथरत असला की बाहेर काढावे. उरलेले काम आतली उष्णता करते. अंडी-दुधाचे मिश्रण ८० अंशांच्या सुमारास जमते. त्याहून फार तापले तर ते फाटते आणि पाणी सुटते.

भट्टी नसेल तर जाड कढईत मिठाचा थर, त्यावर तिवई, वर झाकण, अशी दहा मिनिटे तापवून त्यात डबा ठेवावा. वेळ पाऊण तासावर जातो आणि वरचा रंग फिकट राहतो. झाकणाला फडके बांधावे, नाहीतर वाफेचे थेंब किशवर गळतात. पारीचा खटाटोप नको असेल तर तेल लावलेल्या डब्यात शिळी पोळी दाबून बसवावी, तूप लावून कडक भाजून घ्यावी आणि मिश्रण ओतावे. आमच्या घरी आता बहुधा हीच होते. फ्रेंच माणूस हिला किश म्हणेल की नाही, याची चिंता मी सोडली आहे.

एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. दूध आणि पीठ धरून अशा किशच्या चौथ्या हिश्श्यात ती साधारण तेरा ग्रॅम होतात. सोबत काकडी वा गाजराची कोशिंबीर असली की एका वेळचे जेवण झाले. उरलेली किश शीतकपाटात दोन दिवस टिकते, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात थंडच नेता येते. शीतकपाट नसेल, तर त्याच दिवशी संपवावी. शेजारच्या खोलीत कोणी ना कोणी उपाशी असतोच.