बियाणे आणि अधिकार

जबलपूरहून पनागरकडे निघाले की आधारताल येथे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय लागते. ते १९६४ साली स्थापन झाले. त्याच्या पुढे काळ्या, भारी जमिनीचा मुलूख आहे. उंच बांध घालून पावसाळाभर शेतात पाणी साठवून ठेवायचे, तण त्यात कुजू द्यायचे आणि आश्विनात पाणी सोडून त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा, अशी येथली जुनी रीत. तिला हवेली म्हणतात. ती कोणत्याही कृषिखात्याने शिकवलेली नाही. सरकारी नोकरीनिमित्त मी या वाटेने पुष्कळदा गेलो आहे, आणि दर वेळी मनात आले आहे, की शेतीचे शास्त्र जाणणाऱ्याच्या हाती राज्याचा अधिकार आला तर काय होते?

अमेरिकेत एकदा तसे घडले. हेन्री वॉलेस हा आयोवा संस्थानातला मक्याचा अभ्यासक. संकरित मक्याचे बियाणे विकण्यासाठी १९२६ साली त्याने कंपनी काढली. १९३३ मध्ये तो कृषिमंत्री झाला आणि १९४१ ते १९४५ पर्यंत उपराष्ट्राध्यक्ष होता. पण गंमत पाहा. पीक वाढविण्यात ज्याची उमेद खर्ची पडली, त्यालाच मंत्री होताच सुमारे एक कोटी एकरांतील उभा कापूस नांगरून टाकण्याची योजना राबवावी लागली. भाव इतके कोसळले होते की पीक पिकणे हेच संकट झाले होते. प्रयोगशाळेत हा धडा मिळत नाही.

आपल्याकडचे उदाहरण याहून चटका लावणारे आहे. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे मूळचे वर्ध्याचे. वर्धा आणि पनागर ही दोन्ही गावे त्या काळी एकाच मध्यप्रांतात होती आणि राजधानी नागपूरला होती. तरुणपणी ते देशाबाहेर पडले, अमेरिकेत कृषिशास्त्र शिकले आणि गदर चळवळीच्या आरंभीच्या मंडळींत सामील झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी इराणात इंग्रजांशी सामना दिला. मायदेशाची वाट बंद झाल्यावर १९२४ साली ते मेक्सिकोत गेले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापक झाले. मका आणि गहू यांच्या सुधारणेवर त्यांनी तेथे काम केले. शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. भूमिहीनांना जमीन देणारी क्रांती त्या देशात नुकतीच होऊन गेली होती. जमीन मिळालेल्या माणसाला ती कसायचे शास्त्रही मिळाले पाहिजे, हे खानखोज्यांनी ओळखले. दिएगो रिव्हेरा या विख्यात चित्रकाराने तेथील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना चितारले आहे. परक्या मुलखात एका वऱ्हाडी-नागपुरी माणसाचा असा मान क्वचितच झाला असेल.

मग १९४७ आले. खानखोज्यांनी परतण्यासाठी अर्ज केला, तो प्रथम नामंजूर झाला. इंग्रजांनी घातलेली बंदी कागदावर तशीच राहिली होती. कारकुनी जगात वावरलेल्या माझ्यासारख्याला याचे नवल वाटत नाही, लाज मात्र वाटते. राज्य बदलते त्या दिवशी फाईल बदलतेच असे नाही. पुढे बंदी उठली. १९४९ साली मध्यप्रांत सरकारच्या निमंत्रणावरून ते शेतीविषयी सल्ला देण्यासाठी आले आणि काही वर्षांनी नागपुरात स्थायिक झाले. सल्लागाराला सल्ला देता येतो. अंदाजपत्रकावर सही दुसऱ्याची असते. वॉलेसला जी खुर्ची लाभली ती यांना लाभली नाही, आणि वयही आता साठीच्या पलीकडे गेले होते.

या दोघांच्या वाटा मेक्सिकोच्या भूमीवर जवळून गेल्या. १९४० च्या अखेरीस वॉलेस तेथे गेला, मक्याचे तुटपुंजे उत्पन्न पाहून अस्वस्थ झाला, आणि त्यानंतर १९४३ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने तेथे धान्यसुधारणेचे काम उभे राहिले. त्यातूनच नॉर्मन बोरलॉग यांचे बुटके गहू जन्मले. १९६६ साली भारताने त्या गव्हाचे अठरा हजार टन बियाणे मेक्सिकोहून आणविले. खानखोजे त्या वेळी नागपुरात होते. २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.