गाडीवाटची जपानी शाळा

मुलांनो, हुडकेश्वरला जपानी शिकवायला सर कुठून आणायचे? थांबा, आधी गाडीवाटची गंमत ऐका. छत्रपती संभाजीनगरजवळचं हे छोटंसं गाव. २०१९ साली तिथल्या जिल्हा परिषद शाळेनं विचारलं, ‘कोणती परदेशी भाषा शिकाल?’ रोबोटच्या वेडापायी बहुतेकांनी जपानी निवडली! शिकवायला कुणीच नव्हतं. मग इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून सुरुवात झाली. पुढे एका जाणकारानं ऑनलाइन फुकट शिकवलं, अन् शिकलेली मुलं इतरांना शिकवू लागली.

जपानीत क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. ‘गोहान ओ ताबेमासु’ म्हणजे ‘भात खातो’. हिरागाना अक्षरांचा क्रमही ओळखीचा: अ, इ, उ, ए, ओ, मग क, कि, कु... बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचलेल्या संस्कृत वर्णमालेवरून तो बसवलाय! मूळ अक्षरं ४६. रोज पाच गिरवा, दहा दिवसांत संपतील. अकराव्या दिवशी शेजारच्या दोस्ताला शिकवायला बसा. आईबाबांनाही चालेल!